ब्रिस्टलचा साबण, गिरगावची वहिनी आणि वसईचा गाळा

रेसिपी हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण मी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला हाताने केलेले साबण आणि बाम विकते हे कळल्यापासून मुंबईतल्या निम्म्या नातेवाइकांचा आणि शाळेच्या ग्रुपवरच्या मैत्रिणींचा एकच मेसेज असतो, "रेसिपी पाठव ना, आपण पण सुरू करू." पाठवते की. खोबरेल, ऑलिव्ह, थोडं एरंडेल, कॉस्टिक सोडा, पाणी. झाली रेसिपी. आता पुढचं ऐका.

गेल्या दिवाळीत मी गिरगावात घरी होते आणि वहिनीने ठरवलंच होतं की हिला यावेळी सोडायचं नाही. वहिनीचं डोकं धंद्याचं आहे, माझ्यापेक्षा शंभर पटीने. मी आले त्याच आठवड्यात तिने प्रिन्सेस स्ट्रीटवरून कॉस्टिकचे भाव काढले होते, अब्दुल रेहमान स्ट्रीटवर खोके बघून ठेवले होते, भुलेश्वरच्या काष्ठौषधीवाल्याकडून उटण्यासाठी नागरमोथा, आंबेहळद, वाळा, गवला-कचोरा असं सगळं पुड्या बांधून आणलं होतं आणि ब्रँडचं नावसुद्धा ठरलं होतं (ते मी इथे फोडणार नाही, नाहीतर माझं जेवण बंद). फक्त एक गोष्ट तिने धरून चाललेली, की हे सगळं घरच्या ओट्यावर होईल. मी तिकडे तेच करते ना!

हो, मी तेच करते. इंग्लंडमध्ये घरच्या किचनमध्ये साबण करून विकता येतो, फक्त स्वच्छतेचे, नोंदींचे नियम पाळायचे. पण विकण्याआधी प्रत्येक रेसिपीचा सेफ्टी रिपोर्ट लागतो, तो शिकलेल्या असेसरनेच सही करून द्यायचा, फार्मसी किंवा टॉक्सिकॉलॉजीवाला माणूस असतो. तो म्हणजे "छान आहे हो तुमचा साबण" असं सर्टिफिकेट नव्हे. कुठलं तेल किती टक्के, सुगंधी तेलात कुठले घटक, लहान मुलाच्या अंगाला लागलं तर काय, किती दिवस टिकेल, सगळं. मग सरकारी पोर्टलवर प्रॉडक्टची नोंद, आणि प्रत्येक प्रॉडक्टची एक फाइल, जी शेवटची बॅच विकल्यानंतरही 10 वर्षं सांभाळायची. माझ्या कपाटात कपड्यांपेक्षा फाइली जास्त आहेत, नवरा म्हणतो तू साबण विकतेस की जमीन.

भारतात गंमत अशी की हे जवळजवळ उलटं आहे. इथे कायद्याचा जोर जागेवर आणि लायसनवर. कॉस्मेटिक रूल्स 2020 मध्ये आले, त्याआधीही लायसन होतंच, पण आता कॉस्मेटिक्सचे वेगळे नियम झालेत. साबण विकायला बनवायचा तर राज्याच्या एफडीएचं (म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं) मॅन्युफॅक्चरिंग लायसन लागतं, आणि ती जागा राहती असून चालत नाही, राहत्या घराला जोडलेलीही नको. शिवाय कामावर देखरेख करायला टेक्निकल माणूस हवा, डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) वगैरे, किंवा निदान केमिस्ट्री घेऊन बारावी झालेला. हे वाचून वहिनी एकदम उठून बसली, "माझी बारावी सायन्स आहे!" म्हणजे माणूस मिळाला, जागा नाही मिळाली. आमची दीड खोली, बाहेर सामाईक गॅलरी, तिथे शेजारच्या काकूंचे पापड वाळत असतात. तिथे एफडीएला काय दाखवणार.

"अगं पण इन्स्टावर सगळ्या घरूनच विकतात की," वहिनी.

विकतात. आणि लायसनशिवाय विकायला बनवणं हा 1940च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्टखाली गुन्हाही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी वहिनीला एवढंच म्हटलं की इन्स्टावर तुला कोणी पकडणार नाही कदाचित, पण उद्या एका बाईच्या अंगावर पुरळ उठलं की ती तुझ्याकडे बॅच नंबर मागेल, काय दाखवशील?

मग मार्ग निघाला तो लोन लायसनचा. म्हणजे ज्याच्याकडे लायसनवाली फॅक्टरी आहे त्याच्या जागेत, त्याच्या मशीनवर आपला माल आपल्या नावाने करून घ्यायचा, त्याचं वेगळं लायसन आपण काढायचं. वसई ईस्टला असे गाळे ढिगाने आहेत. आम्ही दोघी विरार लोकल पकडून वसईला (उलट्या दिशेच्या गर्दीत, म्हणून जिवंत आहोत) गाळे बघत हिंडलो. बहुतेकांचं पहिलं वाक्य, "मॅडम, बेस देतो, तुम्ही फक्त कलर आणि सेंट सांगा."

हा बेस काय प्रकार आहे ते सांगते, कारण प्रदर्शनांत तुम्ही जो पारदर्शक, आत गुलाबाच्या पाकळ्या अडकलेला साबण बघता तो बहुतेक वेळा हाच. तयार ग्लिसरीन बेस वितळवायचा, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायचा. वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, सुंदर दिसतो आणि करायला सोपा. पण त्या बेसमध्ये बऱ्याचदा फेसासाठी सल्फेट असतं, पारदर्शकतेसाठी प्रॉपिलिन ग्लायकॉल असतं, आणि वर लेबल "100 टक्के नॅचरल, हँडमेड". दिवाळीच्या आधी दादरला एका प्रदर्शनात वहिनी आणि मी मुद्दाम लेबलंच वाचत फिरलो. घटकांची यादीच नसलेल्या वड्या किती सापडल्या म्हणून सांगू. एका स्टॉलवर विचारलं, यात काय काय आहे, तर उत्तर मिळालं, "घरचं आहे हो, बिनधास्त वापरा." आणि बायका खरंच बिनधास्त घेत होत्या.

तिथेच एक ताई वहिनीकडे वळून म्हणाल्या, तुमचा येणार आहे ना, तो केमिकल-फ्री आहे ना? वहिनीने माझ्याकडे बघितलं. आता मी काय करू, कॉस्टिकशिवाय साबण होतच नाही. तेल आणि कॉस्टिक यांची रिॲक्शन होते तेव्हाच साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, जगात कुठेही, कितीही ऑरगॅनिक आजीने केला तरी. माप बरोबर असेल तर तयार वडीत कॉस्टिक उरत नाही. एक किलो खोबरेलाला साधारण 183 ग्रॅम कॉस्टिक लागतं, ऑलिव्हला 135च्या आसपास, आणि आम्ही त्यातलं पाच टक्के कमीच घालतो म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि अंग कोरडं पडत नाही. मी हे सगळं त्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा," आणि पुढच्या स्टॉलवरून केमिकल-फ्री घेऊन गेल्या. वहिनीने मला कोपर मारलं.

"ऑरगॅनिक"चं तर विचारूच नका. ब्रिस्टलमध्येच सॉइल असोसिएशनचं मुख्य ऑफिस आहे, 1946 पासूनची संस्था, ती कॉसमॉस नावाच्या स्टँडर्डखाली सर्टिफिकेट देते. तिकडेसुद्धा कायद्याने कॉस्मेटिकवर "ऑरगॅनिक" लिहायला सर्टिफिकेटची सक्ती नाही, खाण्याच्या पदार्थांना आहे. पण कॉसमॉसचा शिक्का हवा तर हिशोब द्यावा लागतो, आणि धुऊन टाकायच्या वस्तूत एकूण वजनाच्या निदान 10 टक्के ऑरगॅनिक असलं तरी चालतं, कारण पाणी ऑरगॅनिक धरत नाहीत, कॉस्टिक तर नाहीच. म्हणजे शंभर टक्के ऑरगॅनिक साबण ही वस्तूच अस्तित्वात नाही. मी शिक्का घेतलेला नाही, परवडत नाही, म्हणून मी लेबलवर तो शब्दच टाकत नाही, फक्त "ऑरगॅनिक ऑलिव्ह ऑइल वापरलं" एवढं घटकांत लिहिते. वहिनीचं मत, तू तिकडे तसं कर, इथे तो शब्द नसला तर कोण उचलणार. आमचं यावर अजून भांडण चालू आहे, व्हिडिओ कॉलवर.

बरं, नॅचरल म्हणजे सेफ हेही एक खूळ. लिंबाच्या सालीचं कोल्ड प्रेस तेल अंगावर राहणाऱ्या बाममध्ये जास्त पडलं आणि मुंबईच्या उन्हात फिरलात तर कातडीवर डाग पडू शकतात. दालचिनीचं तेल किती जणांना सोसत नाही. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल असतं, लिंबू-संत्र्यात लिमोनीन, काहींना ॲलर्जी होते, म्हणून इंग्लंडमध्ये अशा घटकांची यादीच आहे, ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की नाव छापायचंच. आणि व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून टाकली की क्रीम टिकतं, हे ज्या कोणी पसरवलंय त्याला माझा नमस्कार. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, बुरशी-जंतूंना काही करत नाही. ज्यात पाणी आहे, कोरफड आहे, गुलाबपाणी आहे, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह हवंच. म्हणून मी क्रीम करतच नाही, साबण आणि बिनपाण्याचे बाम, बास. वहिनीलाही तेच सांगितलं, आधी वडी, मग बाम, क्रीमचं नाव काढू नकोस.

आता मुंबईच्या हवेचं. हे ब्रिस्टलमध्ये मला माहीतच नसलेलं शास्त्र आहे. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं. तिकडे डबा उघडा राहिला तर थोडं चिकटतं, इथे जुलैत पिशवी उघडी ठेवा, तासाभरात गुळाच्या ढेपेसारखी ओली, आणि मग तुम्ही 183 ग्रॅम मोजलं तरी त्यात कॉस्टिक किती आणि पाणी किती कोण सांगणार. माप चुकलं की साबण मऊ, तेलकट. तयार वडीतलं ग्लिसरीनही दमट हवेत पाणी ओढतं, वडीला घाम फुटतो, ग्राहकाला वाटतं खराब झाला. चार ते सहा आठवडे वडी वाळवावी लागते, ते पावसाळ्यात करायचं तर खोलीत डीह्युमिडिफायर आणि त्याचं लाइट बिल. तेल जुनं असेल तर नारिंगी ठिपके येतात ते वेगळंच. म्हणून वसईच्या गाळ्यात मी पहिला प्रश्न विचारला तो वाळवण्याच्या खोलीचा, मशीनचा नाही. दोन ठिकाणी माझ्याकडे "ही बाई कोण" असं बघितलं. तिसऱ्याने खोली उघडून दाखवली, रॅक, एक्झॉस्ट, भिंतीवर ह्युमिडिटीचा मीटर. त्याच्याशीच ठरलं.

पाण्याचंही आहे बरं का. गिरगावात पालिकेचं तलावांचं पाणी येतं, मऊ, त्यात कुठलाही साबण झकास फेसाळतो. पण उपनगरातल्या नव्या बिल्डिंगांत टँकर किंवा बोअर, त्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण चिकटून पांढरा साका बसतो, केस चिप्प. ब्रिस्टलचं पाणीही चुनखडीचं, किटलीच्या तळाशी थर बसतो, म्हणून मी माझी रेसिपी त्या पाण्यासाठी बसवलेली, खोबरेल जास्त. वहिनीने नमुने वाटले ते चाळीत, काकूंना वडी फार आवडली. मी म्हटलं अगं ठाण्याच्या आत्याकडे पाठव, घोडबंदरच्या टँकरच्या पाण्यात काय होतं ते कळू दे. आत्याने दोन दिवसांत फोन केला, "फेस येत नाही, पैसे परत." फुकट दिलेली वडी होती.

घरी नमुने करताना एक सांगायचंच राहिलं. कोणी करून बघणार असाल तर जर्मनची पातेली लांब ठेवा. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडलं की हायड्रोजन सुटतो, पातेलं काळं पडून खाल्लं जातं. स्टीलचं भांडं घ्या, कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नका, चष्मा-हातमोजे घाला, खिडक्या उघडा, पोरांना शेजारी पाठवा. पाणी आपोआप कढत होतं, गॅस लागत नाही, आई अजूनही त्या पातेल्याखाली वाकून बघते.

किमतीचं गणित थोडक्यात: मी तिकडे शंभर ग्रॅमची वडी पाच-सहा पौंडाला विकते आणि शनिवारच्या बाजारात लोक हसत देतात. इथे दुकानात चाळीस-पन्नासला छान साबण मिळतो, वहिनीची वडी लोन लायसन, गाळ्याचं भाडं, वाळवण धरून दीडशेच्या खाली विकली तर तोटा. तिचा हिशोब असा की मुंबईत दीडशेला रोजचा साबण खपणार नाही, पण दिवाळीच्या आधी भेट म्हणून तीन वड्यांचा बॉक्स खपेल. मला पटलं. लेबलवर "पिंपल्स जातात", "एक्झिमा बरा होतो" असलं काही टाकायचं नाही, त्याबाबतीत दोघींचं एकमत आहे, ते लिहिलं की ते औषध ठरतं, इकडेही आणि तिकडेही.

आता लोन लायसनचा अर्ज गेलाय. उटण्याबद्दल ज्यांनी विचारलं त्यांना, "आयुर्वेदिक" म्हणून विकायचं तर त्याचं लायसन वेगळं, म्हणून भुलेश्वरच्या पुड्या सध्या घरच्या पहिल्या आंघोळीसाठीच. आणि वहिनीकडे आत्ताच ऑर्डर टाकणाऱ्यांनी कृपया थांबा, पाऊस संपल्याशिवाय पहिली बॅच ओतायची नाही असं मी तिला बजावलंय, ती माझं ऐकेलच असं नाही.