बाबांच्या कपाळावर बसलेला साचा

मे महिन्यातली सकाळ. बाबा कूलरमध्ये पाणी भरायला गेले आणि तिथेच खाली बसले. डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालेलं. मानेवाड्याहून धंतोलीतल्या हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा बीपी 210/120 होतं. गोळ्या त्यांनी महिनाभरापासून सोडल्या होत्या, "बरं वाटून राहिलं" म्हणून. घरात राहून मला ते कळलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

सीटीत मेंदूच्या उजव्या बाजूला, खोल बेसल गँग्लियात रक्ताची गाठ दिसली. न्यूरोसर्जननी कागदावर मापं मांडली, सगळी सेंटिमीटरमध्ये: 5 गुणिले 4 गुणिले 3.5, भागिले 2. म्हणजे 35 मिलिलिटर. आईने विचारलं, "डोकं उघडून राहिले काय हो डॉक्टर?" ते म्हणाले, "काकू, शक्यतो नाही."

कपाळाच्या वर केसांत लहानसं छिद्र पाडून गाठीत नळी घालायची, औषधाने गाठ पातळ करून बाहेर काढायची, असा विचार होता. पण नळीचा कोन थोडा चुकला तरी ती गाठीच्या बाजूने जाते. म्हणून थ्री-डी प्रिंटरवर बाबांच्याच चेहऱ्याच्या मापाचा साचा करायचं ठरलं. रक्तस्राव वाढतोय का हे बघायला काही तासांनी दुसरा सीटी होणारच होता. छपाई त्याच वेळात. मधेच शुद्ध हरपू लागली किंवा डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर साच्यासाठी थांबणार नाही, सरळ कवटी उघडू, हेही त्यांनी सही घेताना सांगितलं. ते ऐकूनच मला विश्वास वाटला.

सीटीच्या एकेक मिलिमीटरच्या चकत्या संगणकात जोडून त्यांनी गाठ लाल रंगात वेगळी काढली, कवटी आणि चेहरा वेगळा. गाठीच्या लांबीच्या दिशेने, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून, एक रेघ ओढली. त्या रेघेवर बसणारी पोकळ नळकांडी, आणि तिला धरून ठेवणारा, नाकाच्या दांड्यावर, भुवयांवर आणि कपाळावर टेकणारा मुखवट्यासारखा भाग. कुठपर्यंत आत जायचं, ते अंतरही तिथेच मोजलेलं. छापून झाल्यावर निर्जंतुक करताना वाफ वापरली नाही. ते प्लास्टिक साधारण 60 अंशांनाच मऊ पडतं, आणि आकार जरा बदलला की सगळा कोन गेला. कमी तापमानाच्या प्लाझ्मा मशीनमध्ये टाकलं.

त्याआधी डॉक्टरांनी तो साचा बाबांच्या चेहऱ्यावर ठेवून पाहिला, तेव्हा मी शेजारी होतो. जराही हलला नाही. बाबांच्या नाकावर लहानपणीच्या पडण्याचा उंचवटा आहे, तोसुद्धा त्यात उतरला होता.

ऑपरेशन तासाभरात आटोपलं. पुढचे तीन दिवस नळीतून युरोकायनेज, म्हणजे गाठ पातळ करणारं औषध, सोडायचे, नळी दोन तास बंद ठेवायचे, मग उघडायचे. पिशवीत काळपट रक्त उतरायचं आणि आम्ही पिशवीकडेच बघत बसायचो. गाठ 15 मिलिलिटरच्या खाली आणायची, असं डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिस्टी-3 या अभ्यासात नळीच्या उपचाराने सरसकट सगळ्यांचं अपंगत्व कमी झालं नव्हतं. गाठ तेवढी लहान झालेल्यांमध्ये मात्र निकाल बरे दिसले होते. तिसऱ्या दिवशीच्या सीटीत 9 उरली. नळी निघाली.

बाबा आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. सकाळी आठला बीपीची गोळी मी स्वतः त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवतो. डाव्या हाताने पेला अजून धरता येत नाही. फिजिओथेरपी चालू आहे.