गाईची सरकी ढेप कोंबड्यांना का नको?

तुम्ही विचारलंत म्हणून. "दावणीला सरकी ढेप (कापसाच्या बियांची पेंड) आहेच, त्यातली चार मुठी कोंबड्यांना टाकली तर काय बिघडलं? प्रोटीन ते प्रोटीनच ना?"

बिघडतं. प्रोटीन अमिनो आम्लांचं बनतं, आणि त्यातली काही शरीराला तयार करता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. माणसाला अशी 9. कोंबडीला वर आर्जिनीनही. गाईच्या कोटीपोटातले (पहिल्या मोठ्या पोटातले) सूक्ष्मजीव मात्र निकृष्ट चाऱ्यातल्या नत्रापासूनही ही सगळी घडवतात आणि पुढे गाय त्या जीवांनाच पचवते. (वासराचं कोटीपोट तयार व्हायला दोन-तीन महिने जातात, त्याला दूधच हवं.)

सरकी ढेपेत लायसीन, म्हणजे खाण्यातूनच यावं लागणारं एक अमिनो आम्ल, मुळात कमी. घाण्याच्या उष्णतेनं तिच्यातलं गॉसिपॉल (कापसाच्या बियांतलं विषारी द्रव्य) उरलेल्या लायसीनलाही चिकटतं, मग ते अंगी लागत नाही. अंडी ठेवली की बलक हिरवट पडतो, तोही गॉसिपॉलमुळेच.

सोयाबीन ढेपेत लायसीन भरपूर, तिथं मेथिओनीन हे दुसरं तसंच अमिनो आम्ल तोकडं. 100 किलो खाद्यात 60 किलो ज्वारी किंवा मक्याचा भरडा, 25 किलो सोयाबीन ढेप, 8 किलो शिंपल्याचा चुरा, बाकी कोंडा, खनिज मिश्रण, मीठ. यात मेथिओनीन जेमतेम 0.26 टक्के भरतं. अंड्यावरच्या कोंबडीला 0.35 च्या आसपास लागतं. म्हणून 100 ग्रॅम डीएल-मेथिओनीन (विकत मिळणारी मेथिओनीनची पूड) घाला, पण थेट ढिगावर नको. आधी किलोभर भरड्यात, मग 10 किलोत, मग सगळ्यात कालवा. मेथिओनीन कमी पडलं तर अंडी बारीक होतात, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. घरचं कच्चं सोयाबीन भरडून तर देऊच नका, त्यातलं ट्रिप्सिनरोधक द्रव्य प्रोटीन पचू देत नाही. भाजलं की ते निकामी होतं. करपवलंत तर लायसीनही गेलं.

आता आपलं ताट. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 1.8 ग्रॅम लायसीन लागतं. 300 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून मिळतं सुमारे 0.6, 50 ग्रॅम तूरडाळीतून 0.7, पाव लिटर दुधातून 0.6. जमलं. पण दूध सगळं डेअरीला जात असेल, तर डाळ माणशी 90 ग्रॅमवर न्यावी लागते. पाच माणसांच्या पातळ आमटीत मूठभर डाळ, हे गणित कुठंच बसत नाही. आणि वरून शेंगदाण्याची चटणी कितीही घेतली, तरी तिच्यातही लायसीन कमीच.