नेसामणीच्या स्पेलिंगमधली चूक

३० मे २०१९. दिल्लीत मोदींचा दुसरा शपथविधी, आणि इकडे आमच्या बांधकामाच्या साइटवर तमिळ सुपरवायझर अण्णा मोबाइल नाकाशी धरून एकटेच खुदुखुदु हसताहेत. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, नेसामणीसाठी प्रार्थना करा." मला वाटलं, गावाकडचं कुणी अत्यवस्थ आहे. "सुट्टी हवीय का?" असं विचारूनही टाकलं. अण्णा डोळे पुसायला लागले, हसून हसून.

झालं होतं असं. सिव्हिलवाल्यांच्या एका फेसबुक पेजवर कुणी हातोडीचा फोटो टाकून विचारलं, तुमच्याकडे हिला काय म्हणतात? एका तमिळ गड्यानं लिहिलं: सुत्तियल. आणि वर जोडून दिलं की हिनंच पेंटिंग काँट्रॅक्टर नेसामणीचं डोकं फुटलं. नेसामणी म्हणजे २००१ च्या 'फ्रेंड्स' या तमिळ सिनेमात विनोदी नट वडिवेलूनं केलेलं पात्र. कुणा अनभिज्ञ माणसानं काळजीनं चौकशी केली, आता बरे आहेत का ते? झालं! 'प्रे फॉर नेसामणी' हा हॅशटॅग देशभर ट्रेंडिंगला. तेही रोमन स्पेलिंगमध्ये एक फुकटचा 'ए' घुसलेला. लाखो लोकांनी तो इमानदारीत तसाच चालवला.

नवऱ्याचं म्हणणं, हॅशटॅग म्हणजे फाइलवरची चिठ्ठी. तिला कोण मीम म्हणतं, आणि तिची नोंद कशाला ठेवायची? तसं त्याचं चूक नाही. २००७ मध्ये क्रिस मेसिना या अमेरिकन तंत्रज्ञानं ट्विटरवर # वापरायचं सुचवलं ते गटवारीसाठीच. नणंदेच्या लग्नाचा हॅशटॅग होता, ती चिठ्ठीच. पैसे देऊन चालवलेल्या ट्रेंडमध्ये तर शंभर जणांचं वाक्य स्वल्पविरामासकट एकच असतं. पण नेसामणीत ज्यानं त्यानं आपल्या पदरचं घातलं. अण्णांनी आमच्याच साइटवरची, दांडा चिरलेली, बाइंडिंग वायरनं आवळलेली हातोडी सिमेंटच्या गोणीवर ठेवली, फोटो काढला आणि वर लिहिलं: संशयित ताब्यात. याला मीम नाही म्हणायचं तर कशाला?

आणि नोंद ठेवायची तर हातोडीसकट. अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस एकेकाळी सगळे जाहीर ट्वीट साठवायचं. २०१८ पासून निवडकच घ्यायला लागलं. पूर्वीचं जे आहे तेही नुसता मजकूर, फोटो नाहीत. तशा साठ्यात नेसामणी सापडला असता, तर पन्नास वर्षांनी वाचणाऱ्यानं माझ्यासारखंच विचारलं असतं, सुट्टी हवीय का?

त्या दिवशीच्या साइट डायरीत स्लॅबच्या नोंदीखाली मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: हातोडी = सुत्तियल. पुढं तो हॅशटॅग, जादाच्या 'ए'सकट. खाली नेहमीप्रमाणे सुपरवायझरची सही आहे.