शनिवारची थाप

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र आलं आणि त्याच रात्री लिहायला बसले. लिहायचं ते सरांबद्दलच. कोणते सर, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागणार नाही. सुतार पेन्सिल ठेवतो तसा कानावर खडू ठेवून फिरणारे एकच होते.

शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास गणिताचा. सर आत यायचे, फळ्यावर एक ठार खोटी गोष्ट लिहायचे आणि म्हणायचे, "पकडा!" घंटा व्हायच्या आत थाप कुठे आहे ते शोधायचं. "५७ ही मूळ संख्या आहे." निम्मा वर्ग माना डोलवायचा, मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "एकोणीस त्रिक सत्तावन्न!" एकदा त्यांनी १६/६४ मधले दोन्ही सहा खोडले आणि उत्तर लिहिलं १/४. आमची बोलतीच बंद, कारण उत्तर बरोबर होतं. मग १९/९५ मधले नऊ खोडले. १/५, तेही बरोबर! "उत्तर बरोबर, रीत चूक. मी शून्य गुण देईन," सर म्हणाले. आम्ही तीच युक्ती १२/२४ वर करून पाहिली, तेव्हा कुठे ते पटलं. अ आणि ब समान धरून त्यांनी १ = २ सुद्धा सिद्ध केलं होतं. त्यातली 'अ − ब ने भागू' ही पायरी म्हणजे शून्यानं भागणं, हे कळायला आम्हाला दोन शनिवार लागले.

पण मनात रुतून बसलाय तो १९८७ मधला, आठवीतला शनिवार. सरांनी लिहिलं: चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ च येणार.

"थाप!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. सर काही बोलले नाहीत, माझ्या हातात खडू दिला. मी माझं जन्मसाल घेतलं, १९७४. ९७४१ वजा १४७९, ८२६२. मग ६३५४, मग ३०८७. शून्य पुढे घेऊन ०३७८ लिहिताना मी अडखळले, पण सर थांबले. ८३५२. आणि मग ६१७४. वर्ग चिडीचूप. घंटा झाली तरी कुणी उठेना, जो तो वहीत आपापली संख्या घेऊन बसलेला.

हा शोध देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा, १९४९ चा. सर तरुणपणी त्यांना भेटून आले होते. "गेल्याच वर्षी ते गेले," एवढं बोलून सरांनी फळा पुसला. पुसताना ६१७४ तेवढं ठेवलं.

मी पुढे इंजिनिअर झाले. आज पुलांच्या आराखड्यांची आकडेमोड तपासते. संगणकाचं उत्तर बरोबर दिसलं तरी आधी रीत बघते, आणि दरवेळी १६/६४ आठवतं. गणिताच्या गमतीजमती लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि लगेच एप्रिलच्या अंकात वाचकांना मुद्दाम थापा मारल्या, हे वाचलं तेव्हा मी आधी सरांना पत्र टाकलं. शेजारशेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायचे तर पाच रंगांशिवाय रंगवताच येणार नाही, असा एक नकाशा त्या थापांत होता. कोणत्याही नकाशाला चार रंग पुरतात हे १९७६ मध्ये सिद्धच झालं!

मध्यंतरी शाळेत जाऊन आले. शनिवारचा तो तास आता सराव चाचणीचा आहे. फळ्यावर मुद्दाम चूक लिहिली तर पालक तक्रार करतात, असं एक तरुण शिक्षिका म्हणाली. घरी येईपर्यंत मला चैन नव्हतं.

हा मजकूर लिहिण्याआधी सरांना फोन केला. आवाज थकलाय. वय विचारलं तर म्हणाले, "एक्याण्णव. मूळ संख्येत आलो बघ."

"सर, तेरा साते एक्याण्णव!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तेच जुनं हसू. "पकडलीस, अगं, पकडलीस!"