आमची वाटचाल : झोपणाऱ्या यंत्राची हकिकत

धातूच्या भागांवरील दोष कॅमेऱ्याने टिपणारी यंत्रणा आम्ही दोघांनी उभी करायला घेतली, तेव्हा माझ्याकडे कारखान्यातील तपासणीचा अनुभव होता आणि माझ्या भागीदाराकडे मेंदूविज्ञानातील डॉक्टरेट. तिचा या धंद्यात काय उपयोग, असे विचारणाऱ्या प्रत्येकाला तो एकच उत्तर देत असे : ह्युबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांना मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रात विशिष्ट कोनातील रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या, १९५९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, त्यावरून फुकुशिमा यांनी १९८० मध्ये निओकॉग्निट्रॉन हे आकृत्या ओळखणारे कृत्रिम जाळे रचले, आणि आज आपण सारे ज्यावर पोट भरतो ती कन्व्होल्यूशनल नेटवर्क, म्हणजे चित्रे ओळखायला शिकणारी संगणकी जाळी, त्याच घराण्यातली आहेत.

मी मात्र दिव्यांतच रमलेला असे. ओरखडा समोरच्या उजेडात दिसत नाही. रिंग लाइट, म्हणजे कड्यासारखा गोल दिवा, जवळजवळ भागाला टेकेल इतका खाली आणला, की तोच ओरखडा चमकून उठतो. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की मॉडेल, म्हणजे चित्रांवरून दोष ओळखायला शिकलेला प्रोग्राम, बदलण्याआधी दिवा हलवून पाहावा.

आमचे पहिले ग्राहक एक ओतकाम कारखाना होता. पंपाच्या झाकणांवर यंत्रणा उत्तम चालली, म्हणून त्यांनी दुसरा भाग दिला आणि आम्ही त्याच मॉडेलला एका रात्रीत तो शिकवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा झाकणांची बॅच लागली, तेव्हा नखाएवढे ब्लोहोल (ओतताना अडकलेल्या वायूचे छिद्र) असलेले नग बिनदिक्कत पास झाले आणि अख्खा लॉट परत आला. नवे शिकताना जुने वेट्स, म्हणजे मॉडेलचे शिकलेले ज्यात साठते ते आकडे, पुसले गेले होते. मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी १९८९ मध्येच ज्याचे वर्णन केले, ते हे विनाशकारी विस्मरण. तो निबंध भागीदाराच्या टेबलावरच पडलेला होता, ही अधिक लाजिरवाणी गोष्ट. इतर ग्राहकांनी आमची बिले अडवली, आणि आमचा एक प्रतिस्पर्धी त्या रिजेक्शन रिपोर्टची छायाप्रत घेऊन दारोदार फिरला. त्यांच्याकडे मोठे सर्व्हर होते; प्रत्येक नव्या भागागणिक सगळे पहिल्यापासून शिकवणे त्यांना परवडत होते, आम्हाला नव्हते.

तोडगा उंदरांच्या झोपेत सापडला. जागेपणी एकत्र उद्दीपित झालेल्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतील आठवणी घडवणाऱ्या भागाच्या, पेशी नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होतात, असे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी १९९४ मध्ये दाखवले. हिप्पोकॅम्पस झटपट शिकतो आणि जुन्यात मिसळून ते हळूहळू बाह्यकाला, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराला, शिकवतो, ही मांडणी पुढच्याच वर्षी आली. आम्ही जुन्या चित्रांचा छोटा साठा ठेवला आणि पाळी संपून पट्टा थांबला, की नव्या-जुन्याची सरमिसळ करून यंत्राला उजळणी द्यायला लागलो. ही युक्ती आमची नव्हे. अटारीचे खेळ शिकणारा जो प्रोग्राम २०१५ मध्ये गाजला, त्यातही जुन्या अनुभवांची अशी पुनरावृत्ती होतीच. आमची मेहनत साठ्यात काय ठेवायचे, यात गेली. डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतील पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील फरक कळवतात, हे शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडलेले सूत्र धरून आम्ही यंत्राचा अंदाज चुकलेली चित्रे राखायचे ठरवले. पंधरा दिवसांनी साठा उघडला, तर निम्मी चित्रे भिंगावर उडालेल्या तेलाच्या थेंबांची निघाली! त्यानंतर चित्र साठ्यात टाकण्याआधी माणसाने पाहायचे, असा नियम केला.

‘यांचे यंत्र झोपते’ अशी आमची टिंगल झाली. दोन वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्याच्या माहितीपत्रकात ‘मेंदूच्या धर्तीवर रात्रीचे दृढीकरण’ छापून आले, शेजारी ८६ अब्ज चेतापेशींच्या मेंदूचे रंगीत चित्र. ते पत्रक मी जपून ठेवले आहे.

त्या कारखान्याच्या तपासणी प्रमुख बाईंनी मात्र आमची साथ सोडली नाही. परत आलेल्या नगांपैकी चाळीस त्यांनी खडूने खुणा करून एका पेटीत ठेवले, आणि प्रत्येक अपडेटनंतर त्या फोनवर विचारत, “उठले का तुमचे यंत्र?” मग आधी ती पेटी चालवायची, नंतर माल. पुढची वर्षे काम सुरळीत चालले. बाईंनी निवृत्त होताना पेटी आमच्याकडे सोपवली. तिच्यातील एक नग, कडेलगतच्या बारीक छिद्राचा, पट्ट्यावर जरा तिरका पडला की यंत्र आजही सोडून देते.