तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच्या ओपनसीपीएनवर भरवसा ठेवायचा का?

शिडाच्या होडीत लॅपटॉप उघडला की शेजारी बसलेलं कुणीतरी हमखास विचारतंच, हे कुठलं सॉफ्टवेअर, केवढ्याला पडलं, आणि फुकट आहे म्हटलं की लगेच पुढचं, "अहो मग समुद्रात याच्यावर भरवसा ठेवता?" इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

ओपनसीपीएन म्हणजे चार्टप्लॉटर. स्क्रीनवर सागरी नकाशा, म्हणजे चार्ट, आणि त्यावर आपली होडी कुठे आहे ते दिसतं. यूएसबीचा साधा जीपीएस जोडला तरी चालतं. डेव्हिड रजिस्टर नावाच्या माणसाने हे सुरू केलं, आता जगभरचे शिडवाले आणि प्रोग्रामर मोकळ्या वेळात त्यावर काम करतात, सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, जीपीएल या मुक्त लायसन्सखाली सगळ्यांना खुला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालतं. रूट आखता येतो, नांगर टाकल्यावर अँकर वॉच लावून ठेवला की होडी घसरायला लागली तर अलार्म वाजतो, आणि एआयएस, म्हणजे जहाजं रेडिओवरून आपली जागा आणि वेग कळवत असतात ती यंत्रणा, तिचा रिसीव्हर जोडलात तर आजूबाजूची मोठी जहाजं त्रिकोणांसारखी दिसतात, कुठलं जहाज किती वेळाने आपल्या किती जवळून जाणार तेही कळतं. मुंबई हार्बरच्या तोंडाशी रात्री हे फार म्हणजे फार कामाला येतं. पण कोळ्यांच्या लहान होड्या बहुतेक त्यावर दिसत नाहीत, जाळ्यांचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, तर नाहीच नाही, त्यामुळे एक माणूस बाहेर बघायला हवाच.

तर सॉफ्टवेअरवर माझा पूर्ण भरवसा आहे. खरी चौकशी करायची ती त्यात भरलेल्या चार्टची, आणि नेमकं ते कुणीच विचारत नाही.

कारण ओपनसीपीएन इन्स्टॉल केलं की सोबत येतो तो फक्त जगाचा ढोबळ नकाशा, किनाऱ्याच्या रेघा दिसतात बस, त्यावर होडी चालवायची नसते. चार्ट आपणच भरायचे. अमेरिकेचे चार्ट त्यांची नोआ ही सरकारी संस्था फुकट देते. आपल्या पाण्याचे चार्ट डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं, ते नौदलाकडे आहे, आणि ते विकत घ्यावे लागतात. इथेच लोक हात आखडतात आणि कुणाकडून तरी पेनड्राइव्हवर जुने चोरीचे चार्ट घेतात. हे मला अजिबात पटत नाही. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, शिवडीपासून न्हावाशेव्याच्या बाजूला हार्बर ओलांडून जाणारा एवढा मोठा पूल, आणि दहाबारा वर्षांपूर्वीच्या चार्टवर तिथे सगळं मोकळं पाणी! बोयांच्या जागा बदलतात, बुडालेली जहाजं असतात, ती यादी वेगळीच.

आता चार्ट विकत घेतला, ताजा आहे, तरी एक गोष्ट बघाच. चार्टवर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट क्वेरी उघडा, त्यात कॅटझॉक म्हणून एक नोंद सापडते. त्या भागाचा सर्व्हे किती भरवशाचा आहे याची ती श्रेणी. ए1 असेल तर दाखवलेल्या वस्तूची जागा साधारण 5 मीटरच्या आत बरोबर. बी असेल तर 50 मीटर. आणि सी असेल तर 500 मीटर, खोलीतही दोन मीटर आणि वर खोलीच्या पाच टक्के इतका फरक असू शकतो. डी त्याहून वाईट. म्हणजे जीपीएस तुम्हाला काही मीटरांत अचूक सांगतोय की तुम्ही कुठे आहात, पण सी श्रेणीच्या भागातला एखादा खडक मात्र चार्टवर दाखवलाय तिथून अर्धा किलोमीटर सरकलेला असू शकतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच ठळक दिसतात, हीच खरी अडचण आहे. सी दिसलं की मी खडकापासून त्या हिशोबाने लांबून जाते, विषय संपला.

दुसरं म्हणजे झूम. 29 नोव्हेंबर 2014 ला व्होल्वो ओशन रेस या जगाला फेरी मारणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली वेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगादोस काराहोस नावाच्या प्रवाळांच्या रांगेवर रात्री पूर्ण वेगात आदळली. माणसं सगळी वाचली. भारी बोट, कसलेले खलाशी, पण इलेक्ट्रॉनिक चार्ट पुरेसा झूम करून बघितला गेला नव्हता आणि लांबून बघताना तिथला धोका नीट दिसतच नव्हता. म्हणून रूट आखला की सगळी रेघ मोठी करून, तिच्यावर हाताचं बोट फिरवत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची. कंटाळवाणं आहे पण करायचंच.

ओपनसीपीएन स्वतःही हेच सांगतं खरं तर. इन्स्टॉल करून पहिल्यांदा उघडलं की इशारा येतो की जिवाच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी यावर विसंबू नका, मान्य असेल तर पुढे जा. सगळे न वाचता मान्य करतात. वाचा तो.

खाड्यांच्या तोंडाशी तर वाळूचा दांडा पावसाळ्यानंतर कुठे सरकलाय ते कुठलाच चार्ट सांगत नाही. तिथे गावातल्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याला, विचारायचं, काका आत पाणी किती आहे, कुठल्या बाजूने जाऊ. आणि चार्टवरची खोली साधारणपणे पार ओहोटीच्या पाण्याची असते, मुंबईला उधाणात भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो, तेव्हा वेळ बघून आत शिरा.

शिकायचं असेल तर आज घरीच नोआचे फुकट चार्ट उतरवून घ्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत रूट आखून बघा, कॅटझॉक शोधा, हात बसू दे. आपल्याकडचे विकत घ्यायचे तेव्हा एवढं लक्षात ठेवा की ते बहुतेक वेळा त्याच कॉम्प्युटरला किंवा डोंगलला, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या किल्लीला, बांधलेले असतात, त्यामुळे लॅपटॉप बदलायचा असेल तर आधी लॅपटॉप बदला आणि मग चार्ट घ्या.