‘फ्लॅशिंग’ ऐकू न आलेली रात्र

लॉस एंजेलिसमधील एका मालिकेच्या रात्रीच्या चित्रीकरणात मी सहायक दिग्दर्शकांच्या चमूत होतो आणि शेवटून दुसऱ्या शॉटची तयारी चालली होती. हॉलिवुडमध्ये या शॉटला ‘अ‍ॅबी सिंगर’ म्हणतात. त्याच नावाचे सहायक दिग्दर्शक १९५० च्या दशकात काम संपत आल्याची आगाऊ वर्दी देत, म्हणजे मंडळींना आवराआवर वेळेत सुरू करता येई. अखेरचा शॉट म्हणजे ‘मार्टिनी’, कारण त्यानंतरचा ‘शॉट’ पेल्यातला!

नवख्याला ही बोली गमतीची वाटते, आणि दिव्यासमोर रंगीत जेल (प्लास्टिकचा पातळ पारदर्शक कागद) अडकवण्याच्या साध्या लाकडी चिमट्याला ‘सी-४७’ म्हणणे गमतीचे आहेही. पण यातल्या काही शब्दांवर माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. मोठा दिवा पेटवण्यापूर्वी लाइटमन ‘स्ट्रायकिंग’ अशी हाळी देतो, तेव्हा कलाकार नजर दुसरीकडे वळवतात. स्थिरचित्रे टिपणारा छायाचित्रकार फ्लॅश मारण्यापूर्वी ‘फ्लॅशिंग’ म्हणतो, कारण न सांगता लख्खकन उजेड पडला तर दिव्यात किंवा वायरींमध्ये बिघाड झाला असे प्रकाश विभागाने समजायचे असते.

त्या रात्री दवाने गवत चिंब झाले होते. छायाचित्रकाराने अनेकदा ‘फ्लॅशिंग’ म्हटले आणि दर वेळी कोणीही मान वर केली नाही. मग कुंपणापाशी निळसर पांढरा उजेड चमकला, पण शब्द आला नाही. प्रकाश विभागाचे प्रमुख, म्हणजे गॅफर, माझ्या शेजारी मॉनिटर पाहत उभे होते. तिकडे वळून पाहण्याआधीच त्यांनी वॉकीटॉकीवर ‘किल इट’ म्हटले आणि जनरेटरवरच्या माणसाने कारण न विचारता वीज तोडली.

विजेरीच्या उजेडात गवतात पडलेला केबलचा जोड सापडला. आत पाणी शिरून तो काळा पडला होता, कडेचे प्लास्टिक वितळले होते आणि तिथून हातभर अंतरावर ज्युनिअर आर्टिस्ट खुर्च्या टाकून बसले होते. ‘हा उजेड कसला?’ एवढे विचारण्यात वेळ गेला असता, तरी त्यांच्यापैकी कोणाचा पाय तिथे पडू शकला असता. म्हणूनच या बोलीला नुसती चटपटीत भाषा म्हटलेले मला रुचत नाही.

जोड बदलला, सगळ्या केबली गवतावरून उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवल्या, मगच पुन्हा ‘स्ट्रायकिंग’ची हाळी आली. दुसऱ्या संध्याकाळच्या सुरक्षा बैठकीत गॅफरने ज्युनिअर आर्टिस्टनाही बजावले की मोबाइलचा फ्लॅश वापरायचा असेल, तर आधी मोठ्याने ‘फ्लॅशिंग’ म्हणावे.